तीनशे म्हणजे किती?
शोधनिबंधांतले आलेख आणि त्यांवरच्या दुटप्पी खुणा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो तीनशेने गेला आणि मंचरच्या बाजारात कांदा तीनशेने गेला, असे एकाच दिवशी कानावर आले, तर कोणाला जास्त मिळाले? नारायणगावात टोमॅटोचा भाव २० किलोच्या क्रेटवर बोलतात, म्हणजे किलोला १५ रुपये पडले. मंचरात कांद्याचा भाव १० किलोवर निघतो, म्हणजे किलोला ३० रुपये. तोच कांदा लासलगावला नेला तर तिथे भाव क्विंटलवर. तीनशे म्हणजे किलोला ३ रुपये, आणि मग शेतकरी लिलाव बंद पाडणार हे नक्की.

तरीही बाजारात रोज कोणी फसत नाही. भाव पुकारणाऱ्यालाही माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही, की आकडा कशावरचा आहे. अडचण होते ती पहिल्यांदा आलेल्या माणसाची, किंवा भावाचा आकडा तेवढा कागदावर लिहून परगावी पाठवला तर.

शोधनिबंधातल्या आलेखाचे नेमके हेच होते. आलेख काढणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याला खुणांचा अर्थ ठाऊक असतो. पण आलेख तिथे थांबत नाही. तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या विषयात, वीस वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याच्या हातात जातो. त्या प्रवासात कुठल्या खुणा दगा देतात, आणि त्यावर उपाय काय, हे समजून घ्यायला मंचर-नारायणगावपासून लांब जायची गरज नाही. उदाहरणे जुन्नर तालुक्यातच आहेत, एक खोडदला आणि दुसरे नाणेघाटात.

खोडदची दुर्बीण आणि तिचे आलेख

खोडदजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आता परिसरातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांतल्या १४ मधोमध साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि उरलेल्या १६ तीन हातांवर इंग्रजी 'वाय'च्या आकारात पसरलेल्या. सगळ्यांत दूरच्या दोन डिशमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते.

या दुर्बिणीचे काम गावोगाव नव्हे, देशोदेशी फिरते. २०१० ते २०१२ या काळात भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यावरून १५० मेगाहर्ट्झच्या आसपास जवळजवळ सगळे दिसू शकणारे आकाश टिपले. तीच निरीक्षणे ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्याने प्रक्रिया करून २०१७ साली प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची यादी आहे. निरीक्षण एकाचे, प्रक्रिया दुसऱ्याची आणि वापर तिसऱ्याचा. अशा कामात आलेखावरची खूण गुळमुळीत असून चालत नाही.

रेडिओ स्रोत किती तेजस्वी आहे हे 'जान्स्की' या एककात सांगतात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी प्रथम पकडणाऱ्या कार्ल जान्स्की यांचे ते नाव. हे एकक इतके लहान आहे, की एका वॅटचे एकावर सव्वीस शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक भाग, आणि तोही प्रति चौरस मीटर, प्रति हर्ट्झ. बहुतेक स्रोत त्याहूनही मंद असतात, म्हणून जान्स्कीचा हजारावा भाग, मिलिजान्स्की, रोज वापरात असतो.

अक्षावरचा 'गुणिले हजार'

आता एक आलेख डोळ्यांसमोर आणा. उभ्या अक्षाशेजारी लिहिले आहे, 'तीव्रता × १००० (जान्स्की)'. एक ठिपका ५ या खुणेसमोर आहे. त्या स्रोताची तीव्रता किती?

पहिला वाचक म्हणतो, अक्षावरच्या आकड्याला हजाराने गुणायचे, म्हणजे ५००० जान्स्की.

दुसरा म्हणतो, नाही. लेखकाने मूळ तीव्रतेला हजाराने गुणून मगच आलेख काढला आहे. '५' ही गुणून झालेली संख्या आहे. खरी तीव्रता काढायची तर हजाराने भागायचे, म्हणजे ०.००५ जान्स्की, अर्थात ५ मिलिजान्स्की.

दोघांच्या उत्तरात दहा लाख पटींचा फरक आहे, आणि लेबल वाचून दोघांपैकी कोणालाही चूक म्हणता येत नाही. जाणकार मात्र क्षणात निवाडा करेल. १५० मेगाहर्ट्झला आकाशातल्या सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक असलेली 'सिग्नस ए' ही आकाशगंगा सुमारे दहा हजार जान्स्कीची आहे. ५००० जान्स्कीचे ढीगभर स्रोत आकाशात नाहीतच. पण हा निवाडा तो लेबलावरून करत नाही, आकाशाच्या ओळखीवरून करतो. नवख्याकडे ती ओळख नसते, आणि आलेख खरे तर त्याच्यासाठीच असतो.

गंमत पाहा, त्याच निबंधात पुढे रेडिओ प्रतिमेचा नकाशा असतो. त्यावर समान तेजाच्या रेषा काढलेल्या असतात आणि खाली लिहिलेले असते, 'रेषांच्या पातळ्या (−१, १, २, ४, ८, १६) × ५ मिलिजान्स्की प्रति बीम'. इथे गुणाकार सरळ करायचा असतो. पातळ्या −५, ५, १०, २०, ४० आणि ८०. म्हणजे एका पानावर '×' सांगतो 'गुणा', आणि कदाचित दुसऱ्या पानावर तोच '×' सांगतो 'मी आधीच गुणले आहे, तुम्ही भागा'.

यावर सुटसुटीत तोडगा आहे, आणि तो पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाच्या एककांविषयीच्या पुस्तिकेतही दिलेला आहे. कोणतीही मोजलेली राशी म्हणजे संख्या गुणिले एकक. ५ मिलिजान्स्की म्हणजे ५ × मिलिजान्स्की. मग राशीला एककाने भागले की निव्वळ संख्या उरते, आणि अक्षावर आपण निव्वळ संख्याच लिहितो. म्हणून लेबल असावे 'तीव्रता / मिलिजान्स्की'. ५ ही खूण दिसली की समीकरण मांडायचे: तीव्रता भागिले मिलिजान्स्की बरोबर ५, म्हणून तीव्रता बरोबर ५ मिलिजान्स्की. गुणायचे की भागायचे हा प्रश्नच उरत नाही.

या पद्धतीलाही एक काटा आहे. तिरकी रेघ इतरत्र 'प्रति' या अर्थानेही येते. 'मिलिजान्स्की/बीम' म्हणजे दर बीममागे मिलिजान्स्की. बीम म्हणजे दुर्बिणीला वेगळा ओळखता येणारा आकाशाचा लहानात लहान तुकडा. पसरट आकाशगंगा अशा अनेक तुकड्यांवर सांडलेली असते. म्हणून नकाशाशेजारच्या रंगपट्टीवरचे 'प्रति बीम' गाळले, तर एका तुकड्याचे तेज हे अख्ख्या आकाशगंगेचे तेज समजले जाते. एकाहून जास्त तिरक्या रेघा कंसाशिवाय एकाच पदावलीत वापरू नयेत, हेही त्या पुस्तिकेत बजावले आहे.

आणि मोठ्या-लहान अक्षराचे काय? रोमन लिपीतला लहान 'एम' म्हणजे मिलि, मोठा 'एम' म्हणजे मेगा. दोन्हींत शंभर कोटी पटींचा फरक. आलेख तयार करताना सगळी अक्षरे मोठी करून टाकणारी हौशी सजावट इथे महागात पडते.

एकच उतार, दोन चिन्हे

रेडिओ खगोलशास्त्रातला एक जुना घोळ मात्र एका उणे चिन्हाचा आहे.

चुंबकीय क्षेत्रात जवळपास प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. अशा स्रोतांचे तेज कमी वारंवारतेला जास्त आणि वारंवारता वाढेल तसे कमी होत जाते. जीएमआरटी कमी वारंवारतेवर काम करते, म्हणून हे स्रोत तिला चांगले दिसतात. तेज किती झपाट्याने घटते, हे एका आकड्यात सांगायची रीत आहे. त्या आकड्याला 'अल्फा' म्हणतात.

एक गट लिहितो, तीव्रता ही वारंवारतेच्या अल्फा घाताच्या प्रमाणात असते. तेज घटत असल्याने अल्फा उणे येतो, साधारण −०.७. दुसरा गट उणे चिन्ह सूत्रातच घालतो, म्हणजे उणे अल्फा घात. मग तोच स्रोत अल्फा ०.७ चा ठरतो. बहुतेक स्रोतांना उणे आकडे येणार, तर ते चिन्ह सारखे कशाला वागवायचे, हा दुसऱ्या गटाचा व्यवहारी विचार. दोघेही बरोबर आहेत. दोघांचे निबंध आजही वाचले जातात.

हिशोब करून पाहू. समजा एका स्रोताची तीव्रता १५० मेगाहर्ट्झला १०० मिलिजान्स्की आहे आणि निबंधात अल्फा ०.७ दिला आहे. १४०० मेगाहर्ट्झला ती किती असेल? वारंवारता ९.३३ पट झाली. ९.३३ चा ०.७ वा घात सुमारे ४.८. उणे चिन्ह सूत्रात धरले, तर १०० ला ४.८ ने भागायचे, उत्तर २१ मिलिजान्स्की. धरले नाही तर गुणायचे, उत्तर जवळजवळ ४८० मिलिजान्स्की. तेवीस पटींची तफावत, आणि कारण एकच, सूत्राची ओळ वाचली नाही.

आकृतीत हा धोका वाढतो. किती स्रोतांचा अल्फा किती, असा स्तंभालेख काढला की एका निबंधात उतरते स्रोत उजवीकडे जमतात, दुसऱ्यात डावीकडे. 'अल्फा १ पेक्षा जास्त असलेले स्रोत निवडले' हे वाक्य एका रीतीत 'झपाट्याने मंदावणारे स्रोत' असे सांगते आणि दुसऱ्या रीतीत 'वारंवारतेबरोबर झपाट्याने तेजाळणारे'. अतिशय दूरच्या रेडिओ आकाशगंगा शोधताना झपाट्याने मंदावणारेच स्रोत वेचतात. जीएमआरटीच्या त्या यादीतून २०१८ साली पुढे आलेली 'जे १५३०+१०४९' ही आकाशगंगा अशीच वेचलेली, तिचा अल्फा −१.४. चिन्हाची रीत उलटी धरली, तर नेमके नको ते स्रोत टोपलीत येतील.

लॉग कोणता?

अक्षावर 'लॉग' लिहिले आहे आणि ठिपका २ वर आहे. खगोलशास्त्रज्ञाचा लॉग बहुधा १० पायाचा, म्हणून मूळ संख्या १००. गणितज्ञाचा लॉग बहुधा नैसर्गिक, म्हणजे २.७१८ पायाचा, म्हणून मूळ संख्या ७.४. संगणकवाल्याचा लॉग पुष्कळदा २ पायाचा, तिथे मूळ संख्या ४.

यात एक दिलासा आहे. दोन्ही अक्षांवर एकाच पायाचा लॉग असेल, तर रेषेचा उतार पाया कोणताही घेतला तरी बदलत नाही. दोन्ही अक्ष सारख्याच प्रमाणात ताणले किंवा आवळले जातात. म्हणून वरचा अल्फा शाबूत राहतो. घोळ होतो तो ठिपक्याची किंमत वाचताना. त्यावरचा उपाय सोपा: अक्षावर लॉगचे १, २, ३ न लिहिता समान अंतरावर १०, १००, १००० असे मूळ आकडेच लिहावेत. पाया विचारायची वेळच येत नाही.

वरचा आकडा, मधली रेघ आणि कंस

बारावीच्या विद्यार्थ्याला एक विसंगती पाठ असते. साइनच्या डोक्यावर २ असेल तर वर्ग, पण −१ असेल तर 'एक भागिले साइन' नव्हे, उलट दिशेचे फल, म्हणजे किंमत दिली तर कोन सांगणारे. जॉन हर्शेल यांनी १८१३ साली रूढ करायला घेतलेली ही खूण आजही मुलांना अडवते.

आकाशाच्या नकाशावर डोक्यावरच्या खुणेचा आणखी एक अर्थ निघतो. १४ वर बारीक 'एम' काढला तर तो घात नव्हे, १४ मिनिटे. आणि ही मिनिटे घड्याळाची. आकाशाचे ३६० अंश २४ तासांत वाटलेले असतात, म्हणून एका तासाला १५ अंश आणि घड्याळाच्या एका मिनिटाला खगोलीय विषुववृत्तावर कोनाची १५ मिनिटे. दोन्ही अक्षांवर 'मिनिट' लिहिलेले दिसले तरी ती मिनिटे एक नव्हेत.

जीएमआरटीने शोधलेल्या आणि २००४ साली जाहीर झालेल्या एका स्पंदकाचे, म्हणजे पल्सारचे, नाव आहे 'जे ०५१४−४००२ ए'. हा तारा सेकंदाला सुमारे दोनशे गिरक्या घेतो. वजाबाकी करून −३४८८ काढणाऱ्याला हसू नये, कारण रेघ वजाबाकीसारखीच आहे. प्रत्यक्षात तो पत्ता आहे. पूर्व-पश्चिम दिशेने ५ तास १४ मिनिटे, आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला ४० अंश २ मिनिटे. रेघ म्हणजे दक्षिण. उत्तरेकडच्या ताऱ्याच्या नावात तिथे अधिक चिन्ह येते.

कोष्टकांत '०.७२(३)' असे दिसते. शाळेच्या सवयीने गुणाकार केला तर २.१६. शास्त्रज्ञाच्या लेखी मात्र कंसातला ३ हा शेवटच्या अंकातला संभाव्य फरक आहे, म्हणजे ०.७२ अधिक-उणे ०.०३. आलेखात हेच काम ठिपक्याच्या वरखाली काढलेली उभी काडी करते, पण ती काडी नेमकी काय मोजते हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. २५ मोजमापांचे प्रमाण विचलन, म्हणजे मोजमापांचा विखुरलेपणा, १० असेल, तर सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे खुद्द सरासरीतली अनिश्चितता, २५ च्या वर्गमुळाने भागून फक्त २ येते. काडी १० ची की २ ची, यावर निष्कर्ष पक्का वाटतो की डळमळीत, हे ठरते. २००७ साली कमिंग, फिडलर आणि वॉक्स यांनी जीवशास्त्रज्ञांसाठी या काड्यांचे नियम लिहिले. त्यांचा पहिलाच नियम होता, काडी कशाची आहे ते आकृतीखाली लिहा.

नाणेघाटातला दोन हजार वर्षांपूर्वीचा आकडा

जुन्नरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनकाळातला ब्राह्मी लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची त्यात मोजदाद आहे, आणि ती अंकचिन्हांत केलेली आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७०च्या दशकात या अंकांचा उलगडा केला. भारतातल्या अंकांच्या इतिहासात या लेखाला मानाचे स्थान आहे.

इथे शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. १०० ला एक चिन्ह, १००० ला एक. दोन चिन्हे शेजारी ठेवली तर बेरीज करायची आणि एकमेकांना चिकटवली तर गुणाकार. लेखात २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. तो लिहिताना हजाराच्या चिन्हाला वीस जोडून वीस हजार, हजारालाच चार जोडून चार हजार, शंभराला चार जोडून चारशे, आणि ही तीन जोडचिन्हे ओळीने ठेवलेली. आता विचार करा, दगड झिजला आणि जोड पुसट झाली, तर शंभराला चिकटलेला चार सुटा दिसू लागेल. चारशेचे एकशे चार होतील. दोन्ही चिन्हे तशीच राहतील, फक्त मधली चिकटलेली रेघ जाईल.

या अंकांबद्दल खात्री कशी पटली? सातवाहन-क्षत्रप काळातल्या लेखांत काही ठिकाणी रक्कम शब्दांत आणि अंकांतही दिलेली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताच्या दानलेखात तीन हजार कार्षापण ही रक्कम आधी शब्दांत आहे आणि लगेच पुढे अंकचिन्हात. त्या काळच्या लेखनिकाने तेवढे जास्तीचे अक्षर कोरले, म्हणून शतकांनंतर आलेल्या माणसाला त्याचा अंक वाचता आला.

आलेखांत असे घोळ होतात तरी का?

चुकीची खूण वापरली म्हणून सहसा नाही. खूण बरोबरच असते, पण ती एका गटाची रीत असते, आणि गटाला ती रीत आहे हे जाणवत नाही. त्यातच आकृतीत जागा कमी, नियतकालिकाची शब्दमर्यादा कडक, आणि सॉफ्टवेअर परस्पर अक्षाच्या टोकाला बारीक अक्षरात '×१०००' टाकून मोकळे होते. अर्थ सांगणारी ओळ निबंधाच्या पोटात कुठेतरी असते, पण आकृती मात्र तेवढीच उचलून भाषणात, पाठ्यपुस्तकात, बातमीत लावली जाते.

चौकट: आलेख वाचण्यापूर्वी

• अक्षावर एकक आहे का? अक्षर लहान की मोठे, तेही पाहा.
• '× १०००' दिसले तर निबंधातली एखादी किंमत कोष्टकात शोधून आलेखाशी ताडून पाहा. गुणायचे की भागायचे ते लगेच कळते.
• लॉगचा पाया लिहिला आहे का?
• अल्फासारख्या अक्षराचे सूत्र शोधा. उणे चिन्ह सूत्रात आहे की आकड्यात?
• उभ्या काड्या प्रमाण विचलनाच्या, प्रमाण त्रुटीच्या की आणखी कशाच्या?
• उत्तर जगाशी जुळते का? दहा लाख पटींची चूक बहुधा अंदाजानेच पकडली जाते.

खोडदला दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान प्रदर्शन भरते आणि शाळा-कॉलेजांतली मुले आपापले प्रकल्प घेऊन तिथे येतात. त्यांच्या शिक्षकांना एकच विनंती. तक्त्यावरचा आलेख विषय न शिकणाऱ्या एखाद्या मुलाला दाखवा आणि एका ठिपक्याची किंमत एककासह मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तर आकृतीखाली आणखी एक ओळ लिहा. रंग आणि सजावट त्यानंतर.